एचडी डिश नव्या घरांत न्यायची तर फरक दाखवायचा कसा?

एचडी, म्हणजे जास्त ठिपक्यांच्या, जास्त स्पष्ट चित्राच्या चॅनलची जाहिरात ज्याच्यासाठी करायची, तो ती बघतो कशावर? अजून एचडी नसलेल्या आपल्या टीव्हीवर. जाहिरातीत कितीही लखलखीत दृश्य घातलं, तरी त्याच्या घरी ते साधंच होऊन पोचतं. मग जाहिरात करणारे एक युक्ती काढतात. पडद्याचे दोन भाग करायचे, डावीकडचा मुद्दाम धूसर आणि फिका ठेवायचा, उजवीकडचा झळाळता. प्रेक्षक ते बघतो आणि मनात म्हणतो, "माझ्याकडचं चित्र डावीकडच्यासारखं तर कधीच नसतं. उजवीकडच्यासारखंच असतं की!" त्याला एचडीची गरज नाही, हे आपण आपल्याच पैशाने त्याला पटवून दिलेलं असतं.

उपग्रहावरून येणाऱ्या एचडी सेवेच्या प्रचारातली मूळ अडचण हीच आहे. चित्राचा दर्जा ही चवीसारखी गोष्ट आहे, वर्णन करून कळत नाही. माणसाला फरक त्याच्या नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या कार्यक्रमात दिसला पाहिजे. त्यामुळे प्रचाराची कोणतीही कल्पना पुढे आली की मी आधी एवढंच विचारतो: यातून फरक दिसणार आहे, की त्याबद्दल नुसतं बोललं जाणार आहे?

फरक कुणाला दिसतो?

आधी थोडं गणित, कारण त्यावरच ग्राहक कोण हे ठरतं. अनेक देशांत साधं डिजिटल चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके. पूर्ण एचडी १९२० × १०८० चं, म्हणजे २० लाख ७३ हजारांवर. बरोबर पाचपट. "पाचपट स्पष्ट" ही घोषणा इथूनच येते, आणि आकड्यापुरती ती खोटीही नाही.

पण डोळ्याला आकडे दिसत नाहीत. सामान्य चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखू शकते. त्याहून बारीक काही असलं तरी ते एकमेकांत मिसळून जातं. हा नियम टीव्हीला लावला तर असं दिसतं, की पडद्याच्या उंचीच्या साधारण सहापटीहून लांब बसलेल्या माणसाला साध्या चित्रातल्या ओळीसुद्धा सुट्या दिसत नाहीत. त्याला जास्तीचे ठिपके देऊन उपयोग नाही. सहापटीच्या आत आलं की फरक जाणवू लागतो, आणि उंचीच्या सव्वातीन पटीच्या आसपास बसलं की एचडीचा जवळजवळ सगळा लाभ मिळतो.

४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर असते. म्हणजे साडेदहा फुटांपलीकडे बसणाऱ्याला ठिपक्यांचा फायदा शून्य, आणि साडेपाच फुटांवर बसणाऱ्याला पुरेपूर. २४ इंची टीव्हीसाठी ही बाहेरची मर्यादा सहा फुटांवर येते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला छोटा टीव्ही दहा फुटांवरून बघणाऱ्या घराला एचडी विकणं म्हणजे दोन महिन्यांनी येणारी तक्रार आजच विकत घेणं. (एक अपवाद सांगून ठेवतो. एचडी चॅनलला बऱ्याचदा माहितीचा वाटाही जास्त मिळतो, त्यामुळे हालचालीच्या दृश्यात चौकोन चौकोन दिसणं कमी होतं. तो फायदा लांबूनही कळतो.)

म्हणून पहिली कल्पना अगदी साधी, जवळजवळ फुकटची आहे. पत्रकावर चॅनलची यादी छापण्याआधी एक पट्टी छापा: तुमचा टीव्ही किती इंची, तुम्ही किती फुटांवर बसता. घरातली मुलं लगेच मोजपट्टी घेऊन अंतर मोजतात. ज्यांचं उत्तर "फरक दिसेल" असं येतं, त्यांनी आपला निर्णय स्वतःच घेतलेला असतो. ज्यांचं "दिसणार नाही" असं येतं, त्यांना साधा पॅक द्या. ते दुखावत नाहीत. उलट, विकायला आलेला माणूस "तुम्हाला हे नको" म्हणाला, ही गोष्ट ते चार जणांना सांगतात.

दाखवणं

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने जास्त स्पष्ट चित्रावर संशोधन सुरू केलं. १९८८ ची सोल ऑलिंपिक स्पर्धा आली तेव्हा घरोघरी असे टीव्ही नव्हतेच. मग लोकांच्या वर्दळीच्या जागी हाय-व्हिजनचे (एनएचकेने आपल्या एचडीला दिलेलं नाव) पडदे ठेवून तिथे सामने दाखवले गेले. रोजचं प्रायोगिक प्रसारण १९८९ मध्ये उपग्रहावरून सुरू झालं. आधी माणसाला पडद्यासमोर उभं केलं, सेवा मागून आली. हा क्रम आजही उलटा करण्यासारखं काही मला दिसत नाही.

आता हे प्रात्यक्षिक बहुतेक ठिकाणी कसं होतं ते बघा. टीव्हीच्या दुकानात भडक रंगांवर ठेवलेला भलामोठा पडदा असतो, त्यावर पोपट, फुलं आणि संथ वाहणारं पाणी. चित्र सुंदरच असतं. पण ते पेन ड्राइव्हवरून चाललेलं असतं, उपग्रहावरून नव्हे, आणि घरी पोपट कोण बघतो? ग्राहक घरी जाऊन बातम्या लावतो आणि त्याला वाटतं, आपल्याला फसवलं.

चांगलं प्रात्यक्षिक कंटाळवाणं वाटेल इतकं खरं असावं. एकाच मापाचे, एकाच जातीचे दोन टीव्ही, दोन्हींवर तेच चॅनल, एकावर साधं, दुसऱ्यावर एचडी, दोन्ही थेट डिशवरून. रंगांची मांडणी दोन्हीकडे सारखी. समोर घरातल्यासारखी दोन खुर्च्या, ठरलेल्या अंतरावर. आणि रिमोट ग्राहकाच्या हातात. विकणाऱ्याने गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. फरक कुठे पटकन दिसतो हेही माहीत असावं: मैदानावरच्या गवतात, खेळाडूच्या पाठीवरच्या आकड्यात, बातम्यांखाली सरकणाऱ्या बारीक अक्षरांत, गर्दीतल्या चेहऱ्यांत. संथ निसर्गदृश्यात तो सगळ्यात कमी दिसतो, कारण कमी माहितीतही संथ चित्र बरं टिकतं.

याचं कारण चित्र दाबून पाठवण्यात आहे. न दाबलेलं एचडी चित्र स्टुडिओतल्या वायरीतून सेकंदाला सुमारे दीड गिगाबिट एवढ्या वेगाने जातं. उपग्रहावर एका चॅनलला एवढी जागा देणं शक्य नसतं. ते शेकडो पटींनी दाबून, साधारण पाच ते दहा मेगाबिटमध्ये बसवलं जातं. दाबण्याची युक्ती अशी, की एका चित्रातून पुढच्या चित्रात जे बदलत नाही ते पुन्हा पाठवायचंच नाही. त्यामुळे स्थिर फूल स्वस्तात जातं, धावणारा खेळाडू महागात. कंपनीने एकाच जागेत फार चॅनल कोंबले असतील तर ते धावणाऱ्या खेळाडूच्या कडांवर दिसतं. म्हणजे सामना दाखवायचं धाडस असेल तरच प्रात्यक्षिक मांडावं. ते नसेल तर प्रचाराआधी चॅनलची संख्या कमी करावी लागेल, आणि ते काम प्रचार विभागाचं नाही.

आकाशातून येण्याचा फायदा आणि तोटा

विज्ञानकथा लिहिणारे इंग्रज लेखक आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये एक कल्पना मांडली. विषुववृत्ताच्या वर साधारण ३६ हजार किलोमीटरवर उपग्रह ठेवला, तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल आणि जमिनीवरून एका जागी थांबलेला वाटेल. नेमकी उंची ३५,७८६ किलोमीटर. म्हणूनच डिश एकदा रोखून बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही.

प्रचारासाठी यातून दोन मुद्दे निघतात, आणि ते फार कमी वापरले जातात. पहिला असा, की उपग्रहाला एका घरासाठी आणि एक कोटी घरांसाठी सारखाच सिग्नल पाठवावा लागतो. मोठ्या सामन्याच्या रात्री सगळे एकदम बघायला बसले तरी चित्र अडखळत नाही, दर्जा खाली येत नाही. इंटरनेटवरच्या प्रसारणात प्रत्येक प्रेक्षकाला वेगळी धार द्यावी लागते. दुसरा मुद्दा वेळेचा. सिग्नल वर जाऊन खाली यायला सुमारे ७२ हजार किलोमीटर लागतात, म्हणजे पाव सेकंद. त्यात चित्र दाबण्या-उलगडण्याचे काही सेकंद मिळवा. इंटरनेटवर तोच सामना बऱ्याचदा त्याहून बराच मागे, कधी कधी अर्धा मिनिट उशिरा दिसतो. शेजारच्या घरातून जल्लोष ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर चेंडू अजून सुटलेलाही नसतो! हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला लांबलचक जाहिरात लागत नाही. "जल्लोष आधी तुमच्या घरात" एवढं पुरतं.

तोट्याची बाजू म्हणजे पाऊस. घरगुती डिशचे सिग्नल बहुतेक ठिकाणी १२ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात. त्यांच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटर भरते, आणि पावसाचे जाड थेंब ते सिग्नल शोषतात, विखुरतात. जुन्या टीव्हीवर खराब सिग्नल म्हणजे मुंग्या मुंग्या दिसणं, पण डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत स्वच्छ असतं, मग चौकोन पडतात, आणि पडदा काळा. त्यात एचडीचे सिग्नल बहुधा जास्त दाटीने भरलेले असतात, त्यामुळे त्याच पावसात साधं चॅनल चालू आणि एचडी बंद, असंही घडू शकतं. नव्या ग्राहकाला हे आधी सांगितलेलं नसेल तर पहिल्या मुसळधार पावसात तो चिडतो. आणि चिडण्यासारखंच आहे ते. जास्त पैसे मोजले त्याच चॅनलने आधी दगा दिला.

यावर प्रचारात एक वाक्य आणि बसवताना एक निर्णय पुरतो. वाक्य असं: जोराच्या पावसात काही मिनिटं चित्र जाऊ शकतं, आपोआप परत येतं, फोन करायची गरज नाही. निर्णय असा: जास्त पावसाच्या भागात डिश थोडी मोठी द्यायची. ६० सेंटिमीटरऐवजी ८० ची डिश लावली तर सिग्नल गोळा करणारा पृष्ठभाग जवळजवळ पावणेदोन पट होतो. तेवढ्याने पावसाची पुष्कळ मिनिटं वाचतात. हीच गोष्ट जाहिरातीतही सांगता येते, "तुमच्या पावसाला पुरेल अशी डिश". स्वतःचा दोष ओळखून त्यावर उपाय आणणारी कंपनी लोकांच्या लक्षात राहते, असा माझा तरी समज आहे.

फुकट द्यावं का?

नवे ग्राहक म्हटलं की पहिली सूचना हीच येते: बॉक्स फुकट द्या, तीन महिने फुकट द्या. ब्रिटनमध्ये स्काय या उपग्रह टीव्ही कंपनीने १९९९ मध्ये डिजिटल बॉक्स आणि छोटी डिश फुकट द्यायला सुरुवात केली, त्यामुळे फुकटचा मार्ग वेडगळ नाही. पण तो कुणाला परवडतो, हे एका आकड्यावर ठरतं.

समजा, एक घर जोडायला सगळा मिळून १०० खर्च येतो: बॉक्स, डिश, बसवणाऱ्याची मजुरी, विक्रेत्याचं कमिशन, जाहिरातीचा वाटा. त्या घरातून महिन्याला सगळा खर्च वजा जाता ८ उरतात. कुणीच सोडून गेलं नाही तर तेराव्या महिन्यात पैसे वसूल. पण लोक सोडून जातातच. दर महिन्याला शंभरातले ३ गेले तर वर्षअखेर ६९ उरतात आणि वसुलीला १६ महिने लागतात. ५ गेले तर २० महिने. आणि ८ गेले तर? मग वसुली कधीच होत नाही. दर महिन्याला ८ टक्के गळणाऱ्या टाकीत ८ च्या धारेने कितीही वेळ पाणी सोडलं, तरी शंभराची खूण गाठली जात नाही.

यात तीन महिने फुकट दिले तर दोन गोष्टी होतात. वसुली तीन महिने पुढे जाते, हे सगळे मोजतात. पण फुकटासाठी आलेले लोक फुकट संपताच जातात, म्हणजे गळती वाढते, आणि हे कुणी आधी मोजत नाही. ३ चे ५ झाले तर तीन नव्हे, सात महिने गेले. म्हणून फुकट महिने पुढे वाटण्यापेक्षा मागे वाटावेत असं मला वाटतं: सहावा महिना फुकट, बारावा महिना फुकट. किंवा पहिला महिना सगळी एचडी चॅनल उघडी ठेवा आणि महिन्याच्या शेवटी घराने खरोखर बघितलेल्या आठ-दहा चॅनलचा पॅक सुचवा. ग्राहक म्हणतो, "हे तर आमचंच आहे." काढून घेतलं जाणार म्हटल्यावर फरक फार स्पष्ट दिसतो.

बिलाबद्दल एकच. जाहिरातीतला आकडा आणि पहिल्या बिलाचा आकडा सारखा असावा. करासकट, बॉक्सच्या भाड्यासकट. "२०० चॅनल" लिहायचं असेल तर त्यातली एचडी किती, हेही त्याच अक्षरांच्या मापात लिहावं.

केव्हा?

मोठ्या स्पर्धेच्या आधी. हे सगळ्यांना माहीत आहे. स्कायची एचडी सेवा २००६ च्या मे महिन्यात सुरू झाली, जूनमध्ये फुटबॉलचा विश्वचषक होता. चूक होते ती दिवस मोजण्यात. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात जाहिरातीचा भडिमार केला की मागणी येते, पण डिश बसवणारी माणसं तेवढीच असतात. ज्याच्या घरी उद्घाटनाचा सामना होऊन गेल्यावर माणूस येतो, त्याला पुढच्या स्पर्धेपर्यंत विसरा. महिनाभर आधी सुरुवात करा आणि बसवण्याच्या तारखा भरल्या की जाहिरात थांबवा.

स्पर्धेपेक्षाही चांगली वेळ म्हणजे नवा टीव्ही घरी येतो तो आठवडा. त्या आठवड्यात माणूस पडद्याकडे जितक्या बारकाईने बघतो तितका नंतर कधीच नाही. मोठा टीव्ही आणल्यावर जुनं चित्र अचानक आधीपेक्षा वाईट दिसू लागतं, कारण तेच ठिपके आता मोठ्या पडद्यावर ताणलेले असतात. लोकांना वाटतं टीव्हीच खराब निघाला. टीव्हीच्या खोक्यात या एका शंकेचं उत्तर देणारा कागद टाकता आला, तर तो रस्त्यावरच्या दहा फलकांहून जास्त काम करेल. घर बदलणारी माणसं ही दुसरी अशी मंडळी. त्यांना कुठलं ना कुठलं कनेक्शन घ्यायचंच असतं.

बसवण्याचा दिवस

माझ्या मावशीकडे दीड वर्ष एचडीचं बिल येत होतं. एकदा सहज टीव्हीच्या मागे डोकावलो तर बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने जोडलेला. ती वायर एचडी चित्र नेऊच शकत नाही. मावशी म्हणाली, "अरे, मला तर कधी फरक वाटलाच नाही, पण बसवणारा म्हणाला एचडी आहे, म्हणजे असेल." एचडीएमआयची वायर लावली. ती बातम्या देणाऱ्या बाईंच्या साडीचा काठ बघत बसली, बातमी काय होती ते विचारलं तर सांगता आलं नाही.

दीड वर्षात तिने कुणालाही ही सेवा घ्या म्हणून सांगितलं नव्हतं. का सांगेल? म्हणून सगळ्या प्रचाराच्या पैशातला एक हिस्सा डिश बसवणाऱ्या माणसावर खर्च करावा, असं मी नेहमी म्हणतो. खोक्यात एचडीएमआयची वायर हवीच. बॉक्सची सेटिंग एचडीवर आहे का, टीव्हीवर चेहरे आडवे ताणलेले तर नाहीत ना, हे तपासायचं. मग घरच्यांना एकत्र बसवायचं, त्यांचं आवडतं चॅनल आधी साधं लावायचं, मग तेच एचडीत. दोन-तीन वेळा मागेपुढे. चॅनलचे दोन्ही नंबर कागदावर लिहून टीव्हीजवळ चिकटवायचे, कारण बरेच लोक सवयीने जुनाच नंबर दाबत राहतात. यात पाच-सहा मिनिटं जातात. पण बसवणाऱ्याला घरामागे पैसे मिळत असतील तर तो ही मिनिटं देणार नाही, तो पुढच्या घराकडे पळेल. त्याच्या मजुरीचा थोडा भाग तीन महिन्यांनंतर, घर टिकलं तर, असा ठेवला की तो आपण होऊन वायर तपासतो.

ओळखीच्यांना आणण्याची बक्षिसंही याच हिशेबाने द्यावीत: दोघांनाही, आणि नवं घर तीन महिने टिकल्यावर. मोठ्या इमारतींत आणखी सोपं पडतं. गच्चीवर एकच डिश आणि तिथून घरोघरी वायर नेता येते. ज्या घराची बाल्कनी उपग्रहाच्या उलट दिशेला आहे त्यालाही सेवा मिळते, आणि प्रत्येक खिडकीत छत्री लटकत नाही म्हणून इमारतीची समितीही ऐकून घेते.

कळणार कसं, कशाने ग्राहक आले?

प्रत्येक पत्रकावर, प्रत्येक दुकानात वेगळा फोन नंबर द्या. एखाद्या भागात मुद्दाम काहीच जाहिरात करू नका आणि शेजारच्या भागाशी तुलना करा. नाहीतर स्पर्धेमुळे आपोआप आलेल्या ग्राहकांचं श्रेय फलक घेऊन जातात. आणि मोजायचं ते जोडलेल्या घरांचं नव्हे, सहा महिन्यांनी चालू असलेल्या घरांचं. या मोजणीत दुकानातलं कंटाळवाणं प्रात्यक्षिक अनेकदा झगमगीत मोहिमेच्या पुढे निघतं, कारण तिथून आलेल्या माणसाने फरक आधीच डोळ्यांनी बघितलेला असतो.

आणखी एक गोष्ट, फार किरकोळ वाटणारी. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस असे येतात, की सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्याच्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडतो, आणि आकाश स्वच्छ असताना काही मिनिटं चित्र जातं. तारीख आणि वेळ आधीच काढता येते. नव्या ग्राहकाला आदल्या संध्याकाळी संदेश पाठवा: "उद्या दुपारी इतक्या वाजता सूर्य आपल्या उपग्रहामागून जाईल, काही मिनिटं चित्र दिसणार नाही." तक्रारीचे फोन कमी होतातच, पण मुलं असलेल्या घरांत लोक ती वेळ गाठून टीव्ही लावून बसतात, चित्र जाताना बघायला.